चौकात न मांडलेला गोल

“लग्नात अडकलाय त्याचा जीव,” आत्या काकांच्या कानाशी लागून म्हणाली. तिच्या दृष्टीने ती कुजबुजली होती, पण पलीकडच्या कुटुंबातल्या दोन माणसांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. “एकुलती एक पोर. तिचं काही ठरल्याशिवाय तो शिवायचा नाही.”

बाबांचा दहावा दिवस होता. दादरला, समुद्राच्या बाजूला, केळीच्या पानावर पिंड ठेवला होता. विधी माझ्या चुलत भावाने केले होते. आता आम्ही सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघत होतो. कावळे नव्हते असं नाही. भिंतीवर होते, झाडावर होते. एक तर पानाच्या अगदी जवळ येऊन, मान तिरकी करून पिंडाकडे बघून गेला.

“एरवी गॅलरीत बोंबील वाळत घातले की खानदान घेऊन येतात,” काका पुटपुटले.

भटजींनी घड्याळ बघितलं. “अजून थोडं थांबू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ. मागे दुसरी मंडळी आहेत.”

“माझ्या भावाला गवताचा कावळा?” आत्या म्हणाली. “काय अनाथ होता काय तो?”

मग ती पुढे झाली, पदर सावरला आणि कावळ्यांशी नाही, थेट बाबांशीच बोलायला लागली. घरात ती मराठी बोलते, पण रडताना मालवणी. “अरे, तुझ्या चेडवाचा लगीन आमी लावून देतलो. ह्या वर्षातच. काळजी करू नको, ये.”

कावळा आला नाही. काकांनी गावच्या घराची कौलं परतून देण्याचं कबूल केलं. आईला आम्ही सांभाळू, असंही सांगून झालं. बाबांच्या कारखान्यातले एक जुने जोडीदार कुठूनतरी चहा घेऊन आले आणि पानाशेजारी ठेवून म्हणाले, “नुसत्या भाताला तो कशाला येईल? चहाशिवाय कधी ब्रश उचलला नाही त्याने.” आत्या रडता रडता हसली. भिंतीवरचे कावळे तसेच बसून राहिले.

मी काहीच बोलले नव्हते. नातेवाइकांसमोर माझं मराठी अडखळतं, आणि अडखळलं की कुणीतरी प्रेमाने म्हणतंच, “इंग्लिश मीडियम ना!” म्हणून मी गप्प राहते, आणि सगळ्यांना वाटतं मला काही म्हणायचं नाहीये. पण बाबांचं काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. तिथे उभ्या असलेल्यांपैकी फक्त मलाच.

बाबा लालबागला गणपतीच्या कारखान्यात रंगारी होते. मी आर्टला गेले. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मला नागपूरजवळच्या माळरानावरची शिळावर्तुळं बघायची होती. एकटी जायला मी घाबरत होते. कारखान्याला तेव्हा काम नव्हतं, म्हणून बाबा सोबत आले. मोठमोठ्या दगडांचे गोल, आत मुरमाचा उंचवटा. दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं, मी त्यांना वाचलेलं सांगितलं. खाली भांडी सापडतात, लोखंडाची हत्यारं, कधी घोड्याचे दागिने.

“म्हणजे एका माणसासाठी एवढे दगड ओढून आणले?”

“हो.”

“कोण होता?”

“ते कुणालाच माहीत नाही.”

त्यांनी गोलाबाहेर चपला काढल्या. काटे होते, मी नको म्हणत होते, तरी तसेच अनवाणी आत गेले. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. एका खळग्यात अंगठा ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. मी त्या दिवशी खूप स्केचेस केली. त्यांचं एकही केलं नाही.

परत आल्यावर प्रोजेक्टसाठी आम्ही घरीच तसे दगड करायला घेतले. तारेचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा आणि डिंक, वरून व्हाइटिंगचा, म्हणजे खडूच्या पांढऱ्या भुकटीचा, हात. हे सगळं त्यांच्या हातातलं काम. फक्त राखाडी रंग त्यांना जमत नसे. आयुष्यभर पितांबरं आणि मुकुट रंगवलेले, हात आपोआप चकाकीकडे वळायचा. मी पुसायला लावायचे. ते हसून पुसायचे.

पुढे एका आर्ट गॅलरीने आमचे काही दगड प्रदर्शनात घेतले. तिथे गोल मावत नव्हता, म्हणून भिंतीला लागून अर्धगोल मांडला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, हात मागे बांधून उभे राहिले. लोक माझ्याशी इंग्रजीत बोलत होते.

“अर्धाच दिसला गं,” रस्त्यावर आल्यावर बाबा म्हणाले. “एकदा पूर्ण बघू या. खाली चौकात मांडू रविवारी.”

चाळीचा चौक म्हणजे तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून दिसणारी जागा. त्याआधी एकदाच मी दोन दगड तिथे उन्हात वाळवायला ठेवले होते. वरून कुणीतरी ओरडलं होतं, “काय गं, बटाट्याची वखार काढलीस?” सगळी चाळ हसली होती. बाबाही हसले होते, वर बघून. मी दगड उचलून घरात आणले.

“नको बाबा. लोक बघत बसतात.”

“मग? बघायलाच करतो ना आपण?”

“बघू,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं. दिवाळीनंतर एकदा, शिमग्याच्या आधी एकदा. मी दर वेळी बघू म्हटलं. मग कारखान्यात मूर्ती रंगायला आल्या, पाऊस आला, चौकात गणपतीचा मांडव उभा राहिला. विसर्जनानंतर करू, असं मी मनात खरंच ठरवलं होतं. विसर्जनानंतर आठवड्याभरातच ते झोपेतून उठले नाहीत. दगड अजून माळ्यावर आहेत, काही पलंगाखाली. बाबा शेवटचे झोपले ते त्याच पलंगावर.

भटजींनी दर्भ हातात घेतले आणि मोडून गाठ मारायला लागले.

पिंडाशेजारी जीवखडा होता. गेलेल्या माणसाच्या जागी दहा दिवस तो ठेवतात. काळसर, बोराएवढा. माळरानावर ज्याचं नाव कुणाला माहीत नाही अशा माणसाभोवती माणसाच्या छातीला लागतील असे दगड उभे आहेत. माझ्या बाबांना हा एक खडा, आणि तोही थोड्या वेळात समुद्रात जाणार होता. मला तो हातात घेऊन बघायचा होता. तेवढं विचारणंही माझ्याकडून झालं नाही.

“तू बोल गं,” आत्या अचानक माझ्याकडे वळली. आता तिच्या आवाजात लग्न नव्हतं, नुसती भीती होती. “लेक ना तू त्याची? तुझं ऐकेल तो. काय राहिलंय त्याचं, सांग त्याला.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका, चुलत भाऊ, चहा आणणारे बाबांचे जोडीदार, वाट बघत बसलेली पलीकडची माणसं. भटजींचे हात थांबले. वाक्य आधी इंग्रजीत आलं. ते गिळून मी पानाजवळ गेले. हळू बोलले असते तरी बाबांना ऐकू गेलं असतं, असं मला वाटत होतं. पण त्यांना ते हळू नको होतं.

“बाबा,” मी म्हटलं, “तेरावं झालं की पहिल्याच रविवारी दगड खाली चौकात मांडते. पूर्ण गोल. सगळ्या चाळीला बघू दे.”