रेस कशासाठी थांबते

मंडळी, नेऱ्याजवळच्या ट्रॅकवर बाईक रेस बघून आत्ताच पनवेलला घरी आलोय. डोकं अजून तापलेलंच आहे.

गेटबाहेर काकड्या विकणाऱ्या आजी छाती धरून खाली बसल्या. त्यांची सून ट्रॅकवरच्या ॲम्ब्युलन्सकडे धावली. "सासूला बरं नाय, पनवेलला न्या ना."

आयोजक म्हणाले, "ताई, ही गाडी हलली तर रेस थांबवावी लागते. नियम आहे."

शेवटी एका टेम्पोवाल्याने आजींना नेलं.

थोड्या वेळाने रेस थांबलीच. उशिरा आलेल्या प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यायचं होतं.

पाहुण्यांचं नाव माइकवर ऐकून ऐकून पाठ झालंय. आजींचं नाव कुणी विचारलंच नाही, मीही नाही. तिकडचं कुणी असेल तर सांगा, कशा आहेत त्या?