होयबा आणि क्लिअर

आमच्या गल्लीतल्या होयबाला ‘नाही’ म्हणता येत नाही. शिडी मागा, हो. मांजर सांभाळा, हो. एकदा दोन शेजाऱ्यांनी एकाच संध्याकाळी कपाट हलवायला बोलावलं. पठ्ठ्याने दोघांनाही हो म्हटलं आणि तिसऱ्याच्याच घरी चहा ढोसत लपून बसला. बायको त्याने स्वतः पसंत केली की नुसतं हो म्हटलं, यावर गल्लीत अजून एकमत नाही.

पण बायको लाखात एक. ती कॉम्प्युटरवर भरतकामाच्या नक्ष्या काढते, होयबा त्या मशीनवर कापडावर उतरवतो. तळमजल्यावरच्या त्यांच्या दुकानाची एक रीत आहे. काम हातावेगळं झालं, की ती आतून विचारते, “क्लिअर?” तो ओरडतो, “हो, क्लिअर!” म्हणजे सगळं ठीक.

त्या सकाळी ती नाट्यगृहात पडद्याचं कापड आणायला गेली होती. पडद्याच्या किनारीची वेल तिने महिनाभर मान मोडून काढली होती, आणि ती दुकानातल्या कॉम्प्युटरशिवाय दुसरीकडे कुठेही नव्हती. कापड आलं की लगेच मशीन सुरू करायचं, असं ठरलेलं.

होयबाने कॉम्प्युटर लावला. रोजचं चित्र आलंच नाही. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं पळू लागली: डिस्कची तपासणी चालू आहे. मग इंग्रजीत काहीतरी लांबलचक आणि शेवटी ओळखीचा शब्द. ‘क्लिअर? हो की नाही?’

होयबा खूश. कॉम्प्युटरसुद्धा घरच्यासारखं विचारतोय! त्याने ‘हो’ दाबलं. पुन्हा तोच प्रश्न. हो. पुन्हा. हो, बाबा, हो!

अखेर कॉम्प्युटर उघडला. नक्ष्यांच्या यादीत वेल नव्हती.

होयबाने यादी वरून खाली दोनदा चाळली. बंद करून पुन्हा लावलं तर येईल, या आशेने त्याने तेच केलं. पुन्हा तपासणी, पुन्हा ‘क्लिअर?’, पुन्हा मुकाट्याने हो. आता तर मघाशी दिसणाऱ्या बाकीच्या नक्ष्यासुद्धा निम्म्या गायब. तिसऱ्यांदा लावलं, प्रश्न आला, बोट ‘हो’वर टेकलं, आणि फोन वाजला.

“अहो, कापड मिळालं. निघतेय. सगळं क्लिअर ना?”

तोंड सवयीने उघडलं. एक ‘हो’ म्हटलं की ती येईपर्यंत तरी सुटका. पण समोर स्क्रीनही तेच विचारत होती, आणि तिला हो म्हणून काय झालं ते त्याने पाहिलं होतं.

“नाही,” होयबा म्हणाला.

“काय?”

“नाही म्हणालो.”

“बरं नाहीये का तुम्हाला?”

मग त्याने सगळं ओकून टाकलं.

“अहो, ते ‘पुसून टाकू का’ असं विचारतंय! आत्ताच्या आत्ता बंद करा. हात लावू नका. भावाला घेऊन येते.”

मेव्हणा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. त्याने डबा उघडला, आतली एक वायर बोटाने हलवली, ती टपकन निसटली.

“भावोजी, डिस्क ठणठणीत आहे. वायर सैल. तपासणारा प्रोग्राम चुकीचं वाचून धडधाकट नक्ष्या मोडीत काढत होता, आणि तुम्ही त्याला शाबासकी देत होता!”

“नेहमीचीच खोड,” बायको म्हणाली. पण हसली नाही. होयबाला तेच जास्त लागलं.

नवी वायर लावून मेव्हण्याने आधी डिस्कची हुबेहूब नक्कल काढली आणि शोधाशोध नकलेवरच केली. हरवलं-सापडलं असा एक कप्पा निघाला. आत बिननावाचे तुकडे, नुसते आकडे. एकेक उघडायचा. शाळेचा बिल्ला. अर्धा ससा. कोरं. पुन्हा कोरं. ती नखं खात उभी.

आणि वेल उलगडली. पानं, फांद्या, वळणं. फक्त टोकाची कळी गेली होती.

बायको मटकन खुर्चीत बसली. “कळी काढीन मी.”

“मूळ डिस्कवर पण दुरुस्ती चालवू का, भावोजी?” मेव्हण्याने मुद्दाम विचारलं.

“नाही!”

आता मात्र ती खळखळून हसली. संध्याकाळी कळी झाली आणि आतून हाक आली, “क्लिअर?”

होयबाने तोंड उघडलं, मिटलं, मशीनवरून उठला आणि चष्मा पुसत आत गेला.

“थांब. आधी बघतो.”