पद्माकाकूंना मुलगी पसंत पडेना

चौलला आमच्या वाडीला लागूनच पद्माकाकूंची वाडी. गेल्या वर्षापासून काकूंची आठवण दगा देऊ लागली आहे. ऊन कललं की त्या इस्त्रीचं पातळ नेसून ओटीवर येऊन बसतात, कारण त्यांना लेकासाठी, सुश्रुतसाठी, मुलगी बघायची असते. सुश्रुतच्या लग्नाला वीस वर्षं झाली. मुलगी म्हणजे त्याचीच बायको जागृती, माणगावची, इथल्या शाळेत शिकवते. आणि मध्यस्थ मी. एकदा कोयता परत मागायला गेलो तो अडकलोच. कोयता अजून त्यांच्याकडेच आहे.

सुरुवातीला सुश्रुतने खरं सांगून पाहिलं. "आई, अगं, ही तुझी सूनच आहे!"

काकू ताडकन उठल्या. "म्हणजे मला न विचारता लग्न केलंस?"

पंचाईत अशी, की केलं होतं तसंच. अलिबागला जाऊन, सह्या करून. वीस वर्षांपूर्वीचं भांडण पुन्हा पहिल्यापासून झालं, दुसऱ्या दिवशी परत झालं. मग जागृतीच म्हणाली, "त्या म्हणतील तसं बोलू या. माझं दाखवणं राहिलंच होतं ना?" हसत म्हणाली, पण काकूंनी तिला आजवर तोंडाने पसंत म्हटलेलं नाही, आणि ते तिला बोचतं, हे मला ठाऊक आहे.

झालं, रोज कार्यक्रम. पोहे मुलगी करते, खातो मी, आणि पायजमा घट्ट होत चाललाय. सुश्रुत नवरा मुलगा म्हणून बसला की काकू त्याच्या टकलाकडे बघून विचारतात, "वडील आले, मुलगा कुठंय?" मुलगी मात्र रोज नापास. कधी माणगावची म्हणून, कधी बोलते फार म्हणून. एकदा तर विचारलं, "आमच्या घरात तुला डबे सापडले कसे गं?"

"अंदाजाने," जागृती म्हणाली.

"आगाऊ आहे," काकू माझ्या कानात म्हणाल्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

मी वैतागलो. "जागृती, मीच सांगून टाकतो, मुलगी पसंत आहे म्हणून!"

"तुमची पसंती काय करू, भाऊजी? त्यांची पाहिजे."

परवा काकूंनी मोड आलेल्या वालांचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं. बिरड्याचे वाल सोलायचे. जागृती भराभर सोलत गेली, एक डाळिंबी मोडली नाही. काकू बघत राहिल्या, मग स्वतःही सोलायला बसल्या.

"हरी, मुलगी फार चांगली आहे रे," त्या मला म्हणाल्या.

सुश्रुत खुर्चीवरून उठलाच. जागृतीचा हात थांबला.

"पण नाही म्हणून कळव. घरात सून असताना मी दुसरी कशाला बघू? ती शाळेतून येईलच आता. तिच्या कानावर जाता कामा नये."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. जागृतीने हळूच विचारलं, "कशी आहे हो तुमची सून?"

"बोलते फार," काकू म्हणाल्या. "न विचारता घरात आली. पण ती नसली की मला माझ्याच घरातले डबे सापडत नाहीत. आता दुसरी नको मला." मग जागृतीच्या मनगटाला धरून म्हणाल्या, "तिला मी हे कधी म्हटलं नाही. तूही सांगू नकोस हं."

"नाही सांगणार," जागृती म्हणाली, आणि डोळे पुसून पुढचा वाल सोलायला घेतला.