चार वितींची वाट

आई-वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एक शिलाई मशीन, एक पलंग आणि ही दोघं. ती लोकांचे कपडे शिवायची आणि तो मशीनखाली बसून चिंध्या वितीने मोजायचा. चिंध्या संपल्या तसं दार मोजलं, जिना मोजला, शेजारणीचं मांजरसुद्धा मोजून झालं. ताई कपाळावर हात मारून घ्यायची.

जिना भलताच अरुंद. समोरून कोणी आलं की हा भिंतीला पाठ लावून उभा. ओझं घेऊन चढणारा असो की रिकाम्या हाताने उतरणारा, सरकायचं ते यानेच.

"सगळ्यांना वाट द्यायचा ठेका घेतलायस का रे?" ती वरून ओरडायची. "सरकू दे की त्यांना!"

तो नुसता हसायचा. या हसण्याचा तिला मनस्वी राग यायचा.

पुढे तो फौजेत गेला, इंजिनिअर पलटणीत. सुरुंग काढायचं काम. पोटावर पडायचं, बारीक सळई मातीत तिरपी खुपसत इंच इंच पुढे जायचं आणि मागे दोन्ही कडांना पांढरी फीत अंथरायची. दोन फितींच्या मधली जमीन तपासलेली, बाहेरची नाही. वितीने मोजायची खोड तिथेही सुटली नाही, म्हणून पलटणीने त्याचं नाव ठेवलं वीतराव. सुट्टीत आला की हे सगळं तो रंगवून सांगायचा. ताई मान वर न करता सुईत दोरा ओवत राहायची.

युद्ध लागलं आणि त्याचं पत्र आलं. मिळालेली फीत चिखलात कुजते, तुझ्याकडची जाड सुती पट्टी पाठव. ताईकडे गुंडाळी होती, पण अपुरी. तिने आणखी एक तुकडा जोडला आणि दुहेरी टीप मारली. टपाल निघायची वेळ झाली होती. घाईत टीप जराशी वाकडी गेली. गिऱ्हाइकाचं काम असतं तर उसवून पुन्हा मारली असती. घरचंच आहे म्हणून तशीच पाठवली.

दीड महिन्याने कागद आला. सुरुंगांतून वाट काढताना वीरमरण. बस्स, एवढंच.

माणसं आली, बसली, गेली. खोलीत ताई उरली आणि ती वाकडी टीप उरली. जोड सुटला असेल, फीत हलली असेल, माझ्यामुळेच त्याचं पाऊल चुकलं असेल. हे सांगणार कोणाला? कापड मशीनवर घेतलं की ती एकेक टीप दोनदा उसवायची. गिऱ्हाइकं वैतागून दुसरीकडे जाऊ लागली. जिन्यावर पावलं वाजली की तिचे कान टवकारायचे, मग आपलीच लाज वाटायची.

चौथ्या महिन्यात ती पावलं तिच्या दाराशी थांबली. कुबडी घेतलेला एक जवान धापा टाकत उभा होता.

"ताई, मी वीतरावचा जोडीदार," तो म्हणाला आणि पिशवीतून मळकी गुंडाळी काढून त्याने तिच्या हातात दिली.

त्याला बस म्हणायचंही तिला सुचलं नाही. ती जोड शोधू लागली. सापडला. टाक्यांत माती भरली होती, पण एकही टाका निसटला नव्हता.

"म्हणजे ही सुटली नव्हती?"

"सुटेल कशी? आमचे तेवीस जण हिच्यामधून बाहेर पडले. हा जोड आला की तो सांगायचा, इथं माझ्या ताईचा हात लागलाय, निम्मी वाट झाली."

"मग तो कसा गेला?"

जवान कुबडीवर रेलला.

"वाट चार वितींची. त्याहून रुंद करायला वेळच नव्हता. तो मधे वाकून फीत बसवत होता आणि समोरून मला स्ट्रेचरवर आणलं. खरं तर अशा वेळी त्याने आमच्यापुढे चालत, आला त्याच वाटेने टोकापर्यंत परत जायचं, नियमच आहे. पण माझं रक्त थांबत नव्हतं, उचलणारे घाईत होते. तो म्हणाला, 'या, या, निघा तुम्ही,' आणि बाजूला सरकला. एकच पाऊल, ताई. आम्ही पुढे गेल्यावर आवाज झाला."

"हसला असेल," ती म्हणाली.

"हो."

"जन्मभर सांगत होते मेल्याला, सरकू नकोस म्हणून!" ती ओरडली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ढसाढसा रडली.

जवान गेला. वाकड्या टिपेचा दोषही आता तिच्या सोबतीला राहिला नव्हता. तिने फितीची गुंडाळी उलगडली आणि पलंग आणि मशीनच्या मधे तिच्या दोन रेघा अंथरल्या. मधलं अंतर चार विती घ्यायला ती खाली बसली, हाताची बोटं ताणली आणि थांबली. ही तर तिची वीत होती. त्याने घरातलं सगळं मोजून ठेवलं होतं, पण त्याची वीत केवढी ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.