वहीतले कोरे दिवस

औरंगाबादला पीएचडी करताना मी सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायचो. प्रोग्राम बंद पडला, की चाचणीतला माझा जोडीदार तो बिघाड वहीत लिहायचा. म्हणायचा, "बिघाड लपवला तर खरं कसं कळंल?"

नामांतराच्या दंगलीत विद्यापीठ बंद झालं. माझ्या जोडीदाराच्या गावात दलित वस्ती जाळली, त्यात त्याचंही घर गेलं. जाळणाऱ्यांत माझे सोयरे होते, म्हणून मी साधी विचारपूस करायलाही गेलो नाही. तो परत आलाच नाही.

पुढं एकट्यानंच रोजच्या बिघाडांचा आलेख काढला. बंदच्या काळात चाचणीच झाली नव्हती, वहीची पानं कोरी होती. आधीची मेहनत वाया जाऊ नये म्हणून ते दिवस मी बिनबिघाडाचे धरले.

आलेख बघून माझे मार्गदर्शक सर खूश झाले. "बघ, इथं सलग एवढे दिवस एकही बिघाड नाही!"

मी म्हणालो, "हो, सर."