ताकद गळेल म्हणून

वैशाखातला सोमवार. तालमीच्या कट्ट्यावर डॉक्टर, वस्ताद आणि मी हजर होतो. डॉक्टरांची फी एक रुपया ठरली होती. एका पैलवानाच्या लघवीची बाटली आम्ही उन्हाला धरून पाहत होतो. रंग काकवीसारखा होता.

या पैलवानाला मी रोज जाता-येता तालमीच्या दारातून पाहायचो, नाव कधी विचारलं नाही. काहीही विचारलं तरी तो आधी शड्डू ठोकायचा, मग बोलायचा. शनिवारी महाराजांसमोर त्याची कुस्ती होती. लघवीवाटे ताकद जाते, या समजुतीनं त्यानं पाणी पिणंच सोडलं होतं. आता तो कंबर धरून बसला होता.

डॉक्टर म्हणाले, "पाठीत दोन मूत्रपिंडं असतात. ती सतत रक्त गाळतात, घाण बाहेर टाकतात, कामाचं परत घेतात. पाणी जास्त झालं तर सोडतात, कमी पडलं तर धरून ठेवतात. तू त्यांना सुकवून मारतोयस."

शड्डू ठोकून तो म्हणाला, "रगात म्हंजी काय ताक हाय व्हय, गाळायला?"

"पी गप!" वस्ताद ओरडले. "न्हायतर मैदानात तुझ्याऐवजी ही बाटली उतरवतो."

तो घागरीनं प्याला.

शनिवारी त्यानं गडहिंग्लजच्या पैलवानाला हात मिळवताच चितपट केलं. महाराजांनी फेटा पुढे केला, तर हा कुंपणाकडं पळत सुटला. परत आल्यावर मला म्हणाला, "पावणं, ताकद कुठं गेली न्हाय. उलट घाईनंच जिंकलो की!"

बक्षिसातला एक रुपया डॉक्टरांना पोचला. मारुतीला नारळ मिळाला, पण त्यातलं पाणी पैलवानानं स्वतःच पिऊन टाकलं.