भुताची पापणी

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मला अजून कोणी नावाने हाक मारत नाही. मी घाटी. आलो वाशिमकडून, पण यांच्या लेखी घाटाच्या वर सगळं एकच. सुरुवातीला माझ्या तोंडून सारखं "अरे बाप्पा!" निघायचं. आमच्याकडे ते उठता-बसता निघतं. इथे लगेच कोणीतरी म्हणायचं, "हाका मारू नको रे, ढीगभर बसलेत, सगळे उठतील."

नववीत शाळा सुटली. रोह्याला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर लागलो, तिथे हातांची सालं निघाली. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्यांच्या मुलाने, दादाने, मला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. पेणचं कामही त्यानेच ओळखीने लावून दिलं. हे उपकार मी विसरलेलो नाही. दादा कधीतरी ते बोलून दाखवेल, याचीच मला सारखी धास्ती असायची.

मूर्तीचे डोळे काढण्याला कारखान्यात आखणी म्हणतात. आखणी मामांची, ते इथले सगळ्यात जुने कारागीर. बाकी कोणाला ते आखणीच्या ब्रशला हात लावू देत नाहीत. बरेच दिवस मला पॉलिशपेपर घासायला लावून शेवटी त्यांनी शिकवलं. "वरची पापणी खाली घे. बुबुळ तिच्यात थोडं बुडू दे. देव खाली बसलेल्या माणसाकडे बघतो, भिंतीकडे नाय."

दादाला वेगळाच नाद. टीव्हीला जोडायचा एक जुनापुराणा घरगुती कॉम्प्युटर त्याने मिळवलाय, आणि त्यावर चालेल असा नवा गेम तो बनवतो. भुताचा. बंद पडलेली कंपनी, अंधारे बोळ, आपल्याला आपल्या हातातली बंदूक तेवढी दिसते. वळलं की समोर भूत. त्या मशिनची ताकदच कमी, म्हणून भूत म्हणजे एक सपाट चित्र. कुठूनही जा, त्याचं तोंड आपल्याकडेच.

"माझी भुतं पत्र्याच्या डब्यासारखी दिसतात," दादा म्हणाला. "तू डोळे काढतोस ना? काढ मग."

मी पडद्यावरच्या बारीक चौकटी एकेक भरत गेलो. मला एकाच प्रकारचे डोळे येत होते, तेच काढले.

मग खेळून बघितलं आणि भर दुपारी अंगावर काटा आला. भूत रागावलेलं नव्हतं. मायेने बघत होतं, आणि तसंच बघत अंगावर येत होतं. दादा खूश. त्याने व्हिडिओ टाकला, लोकांनी खाली लिहिलं, असे डोळे कुठे पाहिले नाहीत.

कारखान्यात पाहिले होते. जेवणाच्या सुट्टीत रंगकाम करणाऱ्या एकाने मोबाइल नाचवत आणला. "घाटी, तुझ्या दादाचा ना गेम? मामा, बघा तरी."

मामांनी हात पुसून मोबाइल घेतला.

"ही पापणी माझी हाय."

कोणी हसलं नाही.

"तुला देवासाठी दिली, तू भुताला लावलीस. आन् गोळी कुठं मारतात? हितंच ना? डोळ्यावर?"

"व्हय," मी म्हणालो. त्यांचाच शब्द तोंडातून आला.

"ब्रश ठेव. हे डोळे पुसशील तेव्हा उचल."

संध्याकाळी रोह्याला खोलीवर परतताना एसटीत नागोठण्यापर्यंत मी दादाला सांगायचं वाक्य जुळवत होतो. घरी गेल्यावर ते आठवलंच नाही.

"पुसू? त्या डोळ्यांवर तर गेम उभा आहे," दादा म्हणाला. "त्यांना विचार, पापणी काय नावावर करून घेतलीय का?"

"दादा, मला ब्रश पाहिजे."

"आणि मी तुझ्यासाठी केलं त्याचं काय?"

आजवर हे त्याने कधी काढलं नव्हतं. मग त्याने खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली. "घे. तूच काढलेस, तूच पूस."

मी पापणी वर नेली. बुबुळ मोकळं केलं, भोवती सगळीकडून पांढरं. दादाने एकदा खेळून पाहिलं. "आता नुसतं भूत आहे," म्हणाला आणि टीव्ही बंद केला. तेव्हापासून तो मला खाली चहाला बोलवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मामांना नवे डोळे दाखवले. त्यांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला. "आता नुसतं भूत हाय." त्यांनी ब्रश दिला आणि उंदरांची फळी माझ्यापुढे सरकवली. "हे कर. बाप्पाला हात लावायचा नाय."

उंदराला पापणी नसते. काळा ठिपका, त्यात पांढरा. मी ते करतोय. मामा मागून गेले की हात आपोआप थांबतो.

परवा रंगवाला ओरडला, "घाटी, उंदीर तुझ्याकडंच बघतोय रे!" सगळे हसले. मी जागा बदलून पाहिलं. खरंच, तिथूनही बघत होता.

मामांनी तो उंदीर उचलला, इकडून-तिकडून पाहिला आणि त्याची पाठ माझ्याकडे करून फळीवर ठेवला. ब्रश मात्र परत मागितला नाही.